घरातली मोठी माणसं

४ जानेवारी

चिमणे,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देते, कारण तिथवर पोचेपर्यंत तुला ते नकोसे झालेले असतील. आधी मला सांग, डोकं ठिकाणावर आहे ना?

शाळा बंद पडली, शिशुवर्गाच्या मदतनीस बाईंना निरोपाचं भाषण ऐकवलं आणि इतक्या वर्षांच्या नोकरीची म्हणून एक रक्कम हातावर ठेवली. मला वाटलं, आता तरी ही बाई पाय पसरून बसेल. जन्मभर लोकांच्या पोरांची नाकं पुसलीस, आता स्वतःच्या चष्म्याची काच पुसशील. तर तू लिहितेस की घरातच पाळणाघर काढणार. शाळेतली पोरं निदान संध्याकाळी घरी जात होती. आता घर तेच आणि शाळाही तीच, म्हणजे पळायला जागा नाही.

जन्मभर मी इस्पितळात मेट्रन होते. दुसऱ्याचं मूल म्हणजे उसनं आणलेलं काचेचं भांडं. चिरलं तर मरेपर्यंत ऐकायचं, आणि धड परत केलं तर कोणी विचारतसुद्धा नाही.

बरं, हा दरबार भरणार कुठे? बाहेरच्या खोलीत? ती तुझी आहे कधी? तिथे सरदार बसतात. बायको सोडून गेली म्हणून तुझे थोरले दीर पंधरा दिवस मन रमवायला आले, ते अजून रमवताहेत. खुर्ची त्यांची, टीव्ही त्यांचा, आणि मी दिलेली फुलदाणी त्यांच्या सिगारेटच्या राखेला. मागे मी आले होते तेव्हा त्यांनी मलाच विचारलं होतं, "मुक्काम किती दिवस?" पाहुण्याने पाहुण्याला विचारावं, तसं नाही. मालकाने विचारावं तसं.

जावईबापू काय म्हणतात? की नेहमीप्रमाणे "दादा म्हणतील तसं"?

आणि तुझी लेक? परगावी नोकरीला गेली ती गेलीच. तिला आईची आठवण येते का, की पगार झाल्यावर तीही पुसली?

पैसे जपून ठेव. हा माझा आशीर्वाद.

तुझी ताई

१९ जानेवारी

ताई,

तुझं पत्र उघडलेलंच मिळालं. पाकीट टपालात फाटलं असेल, असं हे म्हणाले. टपालात पाकिटं इतक्या सरळ रेषेत फाटतात, हे मला नवीनच.

खर्चाचं विचारलं नाहीस, पण सांगते. जिन्याला वर एक फाटक आणि खाली एक फाटक. स्वयंपाकघराला अर्धं दार. भिंतीतल्या विजेच्या भोकांना बुचं. शोकेसची काच काढून फळ्या मारल्या, त्यामुळे आता त्यात काही दिसत नाही आणि काही ठेवायचंही उरलं नाही. मागची कण्हेर विषारी म्हणून मुळासकट काढली. तिच्या जागी कुंपण आलं, आणि कुंपणाच्या पैशात पूर्वी लोक शेत घेत असतील. हात धुवायचं भांडं माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर बसवून घेतलं. गवंडी म्हणाला, "बाई, बुटके भाडेकरू ठेवताय का?"

विमावाला येऊन गेला. एका मुलाने दुसऱ्याला चावलं तर त्याचा हप्ता वेगळा. मी म्हटलं, मला चावलं तर? म्हणाला, ते यात बसत नाही.

प्रथमोपचाराचा वर्गही केला. आपल्या लेकीच्या वयाचा एक मुलगा रबरी बाहुलीच्या छातीवर हात ठेवून मला म्हणाला, "आजी, जोर लावा." फीसुद्धा जोरदार होती.

छताला धुराची डबी लावली आहे. धूर झाला की बोंबलते. पहिल्याच दिवशी ती दिरांच्या सिगारेटवर बोंबलली. त्यांनी खुर्चीवर चढून तिचे सेल काढले. ते आंघोळीला गेल्यावर मी परत घातले. आमचं हे रोज चाललं आहे.

हे प्रत्येक बिल दोनदा वाचतात आणि मग पाणी पितात. दीर म्हणाले, "आमच्या घराण्यातल्या बायकांनी दुसऱ्यांचे लंगोट धुतले नाहीत." मी म्हटलं, नाही, फक्त तुमचेच धुतले.

हे मनात म्हटलं, ताई. तोंडाने म्हटलं, "चहा ठेवू का?"

तुझी चिमणी

२ फेब्रुवारी

चिमणे,

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. एवढ्या पैशात गोठा बांधला असतास तर म्हशीने दूध तरी दिलं असतं. ही पोरं तुला काय देणार? सर्दी.

मी या गोष्टीवर विचार केला आणि मला उलगडा झाला. ही कल्पना तुझी नाहीच. तुला साधा पडद्याचा रंग ठरवायला महिना लागतो. तुझी नोकरी गेल्यावर जावईबापूंच्या लक्षात आलं की आता दादांच्या सिगारेटी कोण पुरवणार, आणि त्यांनी तुला पुन्हा गाडीला जुंपलं. बिलं वाचून पाणी पिण्याचं नाटक मला सांगू नकोस. बैलाचा मालक चाऱ्याच्या भावावर कुरकुरतोच.

आता हा पुढचा मजकूर तुझ्यासाठी नाही.

सरदार, नमस्कार. पाकीट सरळ रेषेत फाडता, म्हणजे हात अजून स्थिर आहे. आनंद वाटला. या वयात दुसऱ्याची पत्रं वाचण्यापेक्षा स्वतःचे कपडे धुवावेत, सांध्यांना व्यायाम होतो. मी मेट्रन असताना असे पुष्कळ रुग्ण पाहिले. आजार काही नसतो, खाट मात्र सोडत नाहीत. आम्ही त्यांची चादर बदलणं बंद करायचो.

चिमणे, तू इकडे निघून ये. माझ्याकडे दोन खोल्या आहेत आणि माझा स्वभाव तुला माहीत आहे, म्हणजे नवीन काही सोसावं लागणार नाही. आणि लेकीला कळव की आई म्हातारपणी दायी झाली. लाज वाटली तर येईल भेटायला. मुलगी शिकली की शेफारते, हे काही उगीच म्हणत नाहीत.

तुझी ताई

२२ फेब्रुवारी

ताई,

दिरांनी तुझं पत्र जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांच्यासाठीचा मजकूर मात्र मनातल्या मनात वाचला. त्यानंतर त्यांना भात जास्त शिजल्यासारखा वाटला आणि ताट सरकवून दिलं.

लेकीला शेफारली म्हणू नकोस. बाकी मला काय हवं ते म्हण.

परवा तपासणीच्या बाई येऊन गेल्या. मध्यमवयीन, सपाट चपला, हातात मापाची पट्टी. जिन्याच्या फाटकाच्या गजांमध्ये पट्टी घालून बघितली, कुठल्या पोराचं डोकं अडकेल का म्हणून. खुर्च्या उलट्या करून बघितल्या. मग बाहेरच्या खोलीत आल्या. दीर टीव्ही बघत होते, हातात सिगारेट.

"इथे सिगारेट चालणार नाही," बाई म्हणाल्या.

"हे माझ्या भावाचं घर आहे," दीर म्हणाले.

"असू दे की. सिगारेट चालणार नाही."

मग त्यांनी मला विचारलं, "घरात मोठी माणसं किती?"

"तीन," मी म्हटलं.

"दोन," दीर म्हणाले. "मी पाहुणा आहे."

"कधी आलात?"

दिरांनी फुलदाणीत राख झटकली. मी म्हटलं, "आमची मुलगी दहावीला होती तेव्हा. आता तिला नोकरी लागूनही बरेच दिवस झाले."

बाईंनी खुर्चीकडे बघितलं. खुर्चीत दिरांच्या आकाराचा खड्डा पडला आहे, तो कोणालाही दिसतो. त्या म्हणाल्या, "मग तीनच. तिघांनीही पोलिसांचा दाखला आणायचा. घरात राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला लागतो."

त्या गेल्यावर दीर जे बोलले ते मी लिहीत नाही. सारांश एवढाच, की धाकट्या भावाच्या बायकोने त्यांच्याकडे चारित्र्याचा दाखला मागावा, हे बघायला आई-वडील जिवंत नाहीत हे बरं. दाखल्याच्या अर्जावर सही करणार नाही म्हणजे नाही. हे माझ्यामागे स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "सोडून दे ना तो नाद. दादांना वाईट वाटतंय." मी म्हटलं, "सोडते. भरलेले पैसे परत मिळत नाहीत, तेवढं लक्षात ठेवा." ते पुन्हा पाणी प्यायले.

तर सगळं अडकलं आहे. खोलीत बुटक्या खुर्च्या, बुटकं टेबल, आणि मधोमध दीर. तुला हसायचं तर हस.

तुझी चिमणी

६ मार्च

चिमणे,

हे पत्र तुमच्या कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या पत्त्यावर पाठवते आहे. मागे त्याने माझ्या झग्याची एक बाही आखूड शिवली होती, तेवढं तो माझं देणं लागतो.

हसले. पुष्कळ हसले. म्हटलं होतं ना, की पैसे पाण्यात जातील? एक माणूस सही करत नाही म्हणून तुझं अख्खं दुकान बंद. आता त्या बुटक्या खुर्च्या विकून टाक.

पण हसून झाल्यावर मी तुझ्या लेकीला पत्र टाकलं. जरा कडकच लिहिलं. आई मूर्खपणा करते आहे, घरी जा आणि तिला चार शब्द सांग, नाहीतर कसली लेक तू. तिचं उत्तर आलं. अख्ख्या कागदावर एकच ओळ: "मावशी, मी का जात नाही ते आईला विचार."

म्हणून विचारते आहे. आणि मला "कामाचा ताण, रजा मिळत नाही" असली उत्तरं नकोत. ती मी रुग्णांच्या नातेवाइकांना द्यायचे.

ताई

१५ मार्च

ताई,

शिंप्याकडेच बसून लिहिते आहे. तो मशीन चालवतोय, त्या आवाजात बरं वाटतं.

आधी हे तुला का सांगितलं नाही ते सांगते. तुझी पत्रं माझ्याआधी ते वाचतात, आणि तुझ्या पोटात गोष्ट राहात नाही. तू उत्तरात दोन पानं आग ओकली असतीस आणि ती मला भोवली असती.

लेकीला नोकरी लागली त्या वर्षीची गोष्ट. एकदा तिला यायला उशीर झाला. ऑफिसातल्या एका मुलाने तिला स्कूटरवरून दारात सोडलं. दीर दारातच उभे होते. त्यांनी तिला आत घेतलं, दार लावलं आणि कमरेचा पट्टा काढला. मी मध्ये पडले. माझ्या कोपराला बक्कल लागलं. तुला मी जिन्यावरून घसरले असं लिहिलं होतं, आणि तू मला अशक्तपणावर लोहाच्या गोळ्या घ्यायला सांगितल्या होत्यास. हे झोपायच्या खोलीच्या दारात उभे होते. सगळं झाल्यावर म्हणाले, "दादा, पुरे आता." दुसऱ्या दिवशी लेकीला म्हणाले, "मोठ्यांची माफी माग, म्हणजे विषय संपेल." तिने बॅग भरली; परगावची नोकरी तिने नंतर धरली. जाताना मला म्हणाली, "ते इथे आहेत तोवर मी येणार नाही. तू माझ्याबरोबर चल." मी म्हटलं, घर आपलं आहे, आपण का जायचं? तेव्हापासून या आपल्या घरात मी एकटी आहे. घर यांच्या नावावर, आणि हे दादांच्या खिशात.

मी यांना सांगून बघितलं नाही असं नाही. ओरडून सांगितलं, रडून सांगितलं, अबोला धरून सांगितलं. हे म्हणतात, "मोठा भाऊ आहे, रस्त्यावर काढू का?"

मग शाळा बंद होताना आम्हा बायकांना एकत्र बसवून पाळणाघराची माहिती दिली. खर्च, नियम, काय काय. मी अर्धं लक्ष देत होते. सांगणारी बाई म्हणाली, "घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची पोलिसांकडून चौकशी होते. मारहाणीची नोंद असलेला माणूस त्या घरात राहू शकत नाही." ताई, त्यानंतरचं मला काही ऐकूच आलं नाही. थोरल्या जाऊबाई घर सोडून गेल्या तेव्हा त्यांचं मनगट मोडलेलं होतं, आणि पोलिसांत केस झाली होती. ते मला माहीत होतं.

आता खर्चाचं ऐक. तू म्हणतेस मसाला जास्त झाला. जास्तच झाला, आणि मी मुद्दाम केला. साधं कुंपण चाललं असतं, मी पक्कं घातलं. जुन्या खुर्च्या मिळत होत्या, मी नव्या घेतल्या. जिथे पैसे परत मिळणार नाहीत तिथे आधी भरले. या माणसाबरोबर मी संसार केला आहे. याला लेकीच्या पाठीवरचे वळ दिसले नाहीत, पण वाया जाणारे पैसे याला अंधारातही दिसतात. एका पारड्यात मुलगी ठेवून बघितली, दादा हलले नाहीत. म्हणून आता सगळी पुंजी ठेवली आहे.

दीर सही करत नाहीत, कारण केस बाहेर येईल याची त्यांना भीती आहे. मी थांबले आहे. बिलं मी फ्रीजवर लावून ठेवली आहेत, यांना पाणी घेताना दिसतील अशी.

चिमणी

२२ मार्च

चिमणे,

तुझं पत्र वाचून मी उठले. मग भांडी घासली. घासलेलीच होती.

लोहाच्या गोळ्यांचं तू लिहायला नको होतंस.

डाव चांगला आहे. तुझ्या डोक्यातून निघाला यावर विश्वास बसत नाही. पण मला तो आवडला नाही, आणि का ते सांगते. ज्या बाईला आपल्या घरातून एक आयतोबा काढायला कुंपण, विमा, रबरी बाहुली आणि पोलीस लागतात, तिला तोंड कशाला दिलंय? घास भरायला? नियमाच्या पदराआड लपून तू दगड मारते आहेस. उद्या नियमाने पदर काढून घेतला तर?

आणि त्याने सही केली तर? भीतीने नाही म्हणतोय कशावरून? मला तर तो माजाने नाही म्हणतोय असं वाटतं. माज उतरला की माणूस सही करतो.

जावईबापूंबद्दल मी लिहीत नाही. शिंपी सभ्य माणूस आहे, त्याच्या दुकानात असले शब्द नकोत.

ताई

१२ एप्रिल

ताई,

तुझं खरं झालं. यात तुला आनंद वाटणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून लिहिते.

दिरांनी सही केली. कोणा ओळखीच्याने त्यांना समजावलं की घाबरण्यासारखं काही नाही. दाखला आला, स्वच्छ, आपल्या देवमाणसाच्या नावाने. मी जाऊबाईंना शोधून फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं, तक्रार मी मागे घेतली होती. सासूबाई पाया पडल्या होत्या माझ्या." म्हणजे नोंदच नाही. मनगट मोडलं, पण कागदावर ते कधी मोडलंच नाही. दिरांनी दाखल्याला प्लास्टिकचं कव्हर घातलं आणि टीव्हीवर उभा करून ठेवला.

हेही खूश. पैसे वाचले, दादा वाचले. म्हणाले, "बघ, उगाच संशय घेतलास."

आणि त्याच आठवड्यात एक आई तिच्या छोट्या मुलीला घेऊन जागा बघायला आली. दूध विकणाऱ्या बाईची सून, पहाटे कामाला जाते. मुलगी खोलीभर हिंडली आणि दिरांच्या खुर्चीत जाऊन बसली. दीर आतून आले. तिचा दंड धरला आणि तिला खाली उतरवलं. आईला ते खेळकर वाटलं असेल. मुलीला नाही. ती दंड चोळत माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा मला कळलं की मी काय करून बसले आहे. डाव माझा होता, आणि त्यात मी लोकांची लेकरं ओढली होती. आता परवानगी मिळणार, ती रोज येणार, आणि हा माणूस तिथेच बसलेला असणार.

तपासणीच्या बाई शेवटच्या भेटीला आल्या. आम्ही तिघंही खोलीत. सगळं बरोबर होतं. त्यांनी पेन उघडलं आणि म्हणाल्या, "एक शेवटचा प्रश्न, सगळ्यांनाच विचारते. या घरात मुलांना धोका वाटावा असं तुमच्या माहितीत काही आहे का?"

यांनीच उत्तर दिलं, "नाही, नाही."

मी म्हटलं, "आहे."

ताई, माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मी दिरांकडे बोट दाखवलं. म्हटलं, "यांनी आपल्या बायकोचं मनगट मोडलं. माझ्या मुलीला पट्ट्याने मारलं. माझ्या कोपरावर अजून खूण आहे. कागदावर काही नाही, पण मी सांगते आहे."

दीर उठून माझ्या अंगावर आले. बाई मध्ये उभ्या राहिल्या, पट्टी हातात तशीच. "खाली बसा," त्या म्हणाल्या, शाळेतल्या पोराला म्हणावं तसं. आणि ते बसले. इतकी वर्षं आम्ही ज्याला वाघ म्हणत होतो, तो खाली बस म्हटल्यावर बसतो, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

"ऐकतोस काय हिचं?" ते यांना म्हणाले. हे फरशीकडे बघत होते.

बाईंनी लिहून घेतलं. म्हणाल्या, "हे गृहस्थ इथे राहत असतील तर परवानगी मिळणार नाही. बाई स्वतःच सांगताहेत, त्यापुढे दाखला चालत नाही. भरलेले पैसेही जातील."

तेव्हा हे पहिल्यांदा बोलले. "सगळे?"

एवढाच शब्द. मी लेकीचं सगळं बोलले तेव्हा नाही, कोपर उघडं करून दाखवलं तेव्हा नाही. सगळे पैसे का, एवढंच विचारायचं होतं. मग दिरांना म्हणाले, "दादा, थोडे दिवस तुम्ही दुसरीकडे बघितलंत तर."

दीर म्हणाले, "सामान उचल माझं." आणि यांनी उचललं, ताई. दोन बॅगा आणि ती खुर्ची डोक्यावर. दारात मला म्हणाले, "ठेवून येतो."

अजून आलेले नाहीत.

चिमणी

२० एप्रिल

चिमणे,

या वेळी तुझ्या घरच्याच पत्त्यावर लिहिते आहे. पाकीट तुझ्याच हाताने फाड, आणि वाकडंतिकडं फाड.

खुर्ची डोक्यावर घेऊन गेले हे वाचून मी हसले आणि मग मला त्या माणसाची इतकी कीव आली की स्वतःचाच राग आला. हमालाला हमाली तरी मिळते.

रडत बसू नकोस. बसलीस तर बुटक्या खुर्चीत बसू नकोस, तुला उठता येणार नाही. परवानगीचं काय झालं ते कळव. तू घेतलेला सगळा मसाला आता कोंबडीला लाव.

तू जे बोललीस ते मला जमलं नसतं. मी फक्त लांबून चांगलं बोलते. हे वाक्य कोणाला दाखवू नकोस.

ताई

२८ जून

ताई,

उत्तराला उशीर झाला, कारण आता माझ्याकडे वेळ नाही. परवानगी मिळाली. सध्या मोजकीच मुलं आहेत, त्यातल्या एकाला चावायची सवय आहे. विमावाला खरा ज्योतिषी निघाला.

हिशेबाने बघशील तर मी वर्षभर फुकट राबणार आहे. कुंपण आणि खुर्च्या फिटेपर्यंत माझ्या हाती काही लागायचं नाही. रागाच्या भरात महाग वस्तू घेऊ नयेत, एवढा धडा मी घेतला. मुलांच्या आया मला नियम शिकवतात. एक म्हणते माझ्या मुलाला "नाही" म्हणू नका, दुसरी म्हणते तुम्ही त्याला धाकच दाखवत नाही. दोघींनाही पैसे द्यायची तारीख आठवत नाही. मी दोघींनाही बरं म्हणते आणि मला हवं तसं करते. ही कला मी याच घरात शिकले.

लेक शनिवारी येते. पहिल्यांदा आली तेव्हा बाहेरच्या खोलीच्या उंबऱ्यात बराच वेळ उभी राहिली. मग आत आली, जमिनीवर बसली आणि एका पोराच्या बुटाची नाडी बांधायला घेतली. आम्ही त्या विषयावर अजून बोललो नाही. तिने माझ्या कोपरावर हात ठेवला होता, तेवढंच.

गेल्या आठवड्यात हे आले. दुपारी, मुलं झोपायच्या वेळेला. बारीक झाले आहेत. गाल सुजलेला, डोळ्याखाली निळं. विचारायच्या आधीच म्हणाले, "न्हाणीत घसरलो." मी ओलं फडकं दिलं. बसायला मोठी खुर्ची नव्हती, तेव्हा ते मुलांच्या खुर्चीत बसले, गुडघे हनुवटीपाशी. भाड्याच्या खोलीत दादांचा स्वयंपाक हेच करतात, कपडे हेच धुतात. मला वाटलं होतं, असं बघून मला बरं वाटेल. थोडं वाटलंही. पण फार वेळ टिकलं नाही.

चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "मग मी परत कधी येऊ?"

मी म्हटलं, "ते मला नका विचारू. ती शनिवारी येते. तिला विचारा."

"तिला काय विचारायचं?" हे म्हणाले. "मी बाप आहे तिचा."

"मग अजून थोडे दिवस तिकडेच राहा," मी म्हटलं. "आणि हळू बोला. मुलं झोपली आहेत."

ते उठायला लागले, पण खुर्ची अंगाला अडकून त्यांच्याबरोबर वर आली. मी ती धरली, ते सुटले आणि गेले. शनिवारी येतो म्हणाले आहेत. येतील की नाही, मला माहीत नाही. लेकीला मी सांगितलं. ती म्हणाली, "येऊ दे. बघू काय विचारतात."

आता थांबते. मुलं उठली आहेत. एकाने दुसऱ्याचा बूट लपवला आहे आणि दोघंही माझ्याकडे न्याय मागायला आले आहेत.

तुझी चिमणी